सुताच्या धाग्याने अहमदाबाद कसे पाहावे

महाराष्ट्रातून सोमनाथ-द्वारकेला किंवा कच्छच्या रणाकडे निघालेल्या सहलींमध्ये अहमदाबादच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो आणि त्यात साबरमती आश्रम, कांकरिया तलाव व नदीकाठचा फेरफटका एवढेच उरकले जाते. हे शहर नीट पाहायचे असेल तर किमान साडेतीन दिवस हाताशी ठेवावेत आणि ठिकाणांची यादी बाजूला सारून एकच धागा धरावा, तो म्हणजे कापडाचा. सूत, रेशीम आणि जर या तीन धाग्यांना अहमदाबाद लटकलेले आहे, अशी जुनी म्हण आहे. सुलतानांच्या काळातील विणकर, एकोणिसाव्या शतकातील गिरणीमालक, विसाव्या शतकातील कामगार चळवळ आणि त्या मालकांच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या आधुनिक इमारती हा सगळा पट या एका धाग्याने उलगडत जातो.

वार ठरवताना थोडी काळजी घ्यावी लागते. कॅलिको वस्त्रसंग्रहालय बुधवारी बंद असते, मशिदींमध्ये शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी पर्यटकांनी जाऊ नये, गिरणीमालक संघाची इमारत कामाच्या दिवशी पाहणे सोयीचे असते आणि गुजरी बाजार रविवारी भरतो. या साऱ्याचा मेळ घालायचा तर बुधवारी रात्री मुंबईहून गाडीत बसावे, गुरुवारी सकाळी अहमदाबादला उतरावे आणि रविवारी परतावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो आणि जुन्या शहरात पायी फिरणे ही शिक्षा ठरते. चौदा जानेवारीच्या उत्तरायणाला पतंगांसाठी जाणाऱ्यांनी अवश्य जावे, मात्र त्या दिवसांत सगळे शहर गच्चीवर असते आणि दुकाने बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

गाडी काळुपूर स्थानकात येते, तिथूनच पाहायला सुरुवात करावी. स्थानकाच्या सारंगपूर बाजूला सिदी बशीर मशिदीचे दोन उंच मिनार उभे आहेत. हेच ते झुलते मिनार. एक मिनार वरून हलवला की काही क्षणांनी दुसरा कंप पावतो आणि दोहोंना जोडणारा मधला भाग मात्र स्थिर राहतो, अशी त्यांची ख्याती आहे. आता कोणालाही वर चढू देत नाहीत, त्यामुळे हा अनुभव ऐकूनच समाधान मानावे लागते. मूळ मशीद मात्र जागेवर नाही. १७५३ साली मराठ्यांनी शहर घेतले त्या लढाईत ती पडली, असे सांगितले जाते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने आपल्या स्वागताला उभी असलेली ही पहिली खूण जाणून घेतलेली बरी.

सामान मुक्कामी टाकून आठच्या आत काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापाशी पोहोचावे. १८२२ सालचे हे मंदिर ब्रह्मदेशी सागवानाच्या रंगीत कोरीवकामाचे आहे. महानगरपालिकेची हेरिटेज वॉक इथूनच सुरू होऊन जामा मशिदीपाशी संपते. नोव्हेंबर १९९७पासून ती चालू आहे आणि २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा नगरीचा दर्जा दिला, जो मिळवणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. थोडे शुल्क भरून या फेरीत सामील व्हावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण पोळींच्या चक्रव्यूहात नवखा माणूस एकटा शिरला तर पाहण्यापेक्षा रस्ता शोधण्यातच त्याची सकाळ जाते.

पोळ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाड्यावरून किंवा चाळीवरून पुरते कळत नाही. एका जातीच्या वा व्यवसायाच्या कुटुंबांची, रात्री बंद करता येईल असा एकच मोठा दरवाजा असलेली गल्ली म्हणजे पोळ. आत चौक, देऊळ, विहीर आणि खांबावर बसवलेला, पक्ष्यांना दाणे घालायचा चबुतरो असतो. घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात. एखाद्या घरात जाऊ दिले तर चौकातील फरशीत बसवलेले धातूचे झाकण शोधावे. त्याच्या खाली टांके असते, म्हणजे घराच्या पायाखालची पाण्याची खोली. पावसाळ्यातील पहिले एकदोन पाऊस छप्पर धुऊन जाऊ देतात आणि नंतरचे पाणी नळीवाटे त्यात सोडतात. अंधारात, हवाबंद राहिलेले हे पाणी वर्षभर पिण्याजोगे राही. विटांच्या भिंतींत मधून मधून आडव्या लाकडी तुळया घातलेल्या दिसतील. धरणीकंपात भिंतीला थोडे हलण्याची मुभा त्यांमुळे मिळते. वाटाड्या बरा असेल तर मराठा पद्धतीचे कोरीवकाम असलेले दर्शनी भाग वेगळे काढून दाखवतो, नाहीतर आपणच विचारावे.

जामा मशीद शहर वसवणाऱ्या सुलतान अहमदशहाने १४२४ साली पूर्ण केली. दोनशे साठ खांबांच्या त्या दालनात प्रकाश थेट येत नाही, तो वरच्या जाळ्यांतून गाळून येतो. तिच्या मिनारांचा वरचा भाग १८१९च्या भूकंपात गेला. मशिदीतून बाहेर पडले की माणेक चौक लागतो आणि आपला धागा इथे पहिल्यांदा हाताला लागतो. अहमदशहा १४११ साली कोट बांधू लागला, तेव्हा माणेकनाथ नावाचा साधू दिवसा चटई विणी आणि रात्री ती उसवी. ती उसवली की दिवसभर बांधलेली भिंत ढासळे, अशी दंतकथा आहे. चौकात त्याची समाधी आहे आणि नदीकडे, एलिस ब्रिजपाशी, माणेक बुरुज आहे. शहराच्या जन्मकथेतच विणकाम यावे, हे मला फार समर्पक वाटते. याच चौकात जुना शेअर बाजार होता. १८९४ साली स्थापन झालेल्या या बाजाराचा मुख्य माल म्हणजे गिरण्यांचे समभाग. दिवसा इथे सराफ बसतात आणि रात्री दुकानांच्या फळ्या पडल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी पुन्हा यावे. घुगरा सँडविच आणि ग्वालियर डोसा ही इथली खासियत. पावभाजीही मिळते, पण गिरणी कामगारांच्या रात्रपाळीसाठी मुंबईत जन्मली असे सांगतात त्या पदार्थाचे इथले रूप मुंबईकराला बहुधा गोड वाटेल.

जामा मशिदीकडून पश्चिमेला थोडेसे चालले की तीन दरवाजा येतो. पर्यटक तीन कमानींचे छायाचित्र घेऊन पुढे जातात. मराठी वाचकाने मात्र थांबून शिलालेख शोधावा. १८१२ साली मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी काढलेला हुकूम देवनागरी अक्षरांत इथे कोरलेला आहे. मुलीला बापाच्या मालमत्तेतील हिस्सा विनाअडथळा मिळावा, हा हुकूम मोडणाऱ्या हिंदूने महादेवाला आणि मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय आहे. दुकानांच्या छत्र्या, फेरीवाल्यांच्या काठ्या आणि वर्षानुवर्षांची धूळ यांतून अक्षरे लावणे कठीण जाते. दुर्बीण किंवा चांगला कॅमेरा असेल तर उपयोग होतो. मराठी अंमलात शहराचा महसूल पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटला जाई. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात राही आणि गायकवाडांची माणसे रायखडच्या हवेलीत. ती हवेली आजही आहे, पण पोलिसांच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावी आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

सिदी सैयद मशिदीसाठी दुपार राखून ठेवावी. पहिल्या खेपेस मी सकाळी गेलो, जाळी पाहिली, सुबक आहे म्हणालो आणि परतलो. दुसऱ्या खेपेस चारच्या सुमारास गेलो, तेव्हा माझी चूक मला कळली. वृक्षाची जाळी मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत आहे, त्यामुळे उन्हे उतरू लागली की ती आतून पाहावी लागते. तेव्हा दगड काळा होतो, फांद्यांमधली प्रत्येक फट उजळते आणि एकमेकांत गुंतत वर चढणारे ते झाड एखाद्या कशिदाकारीसारखे दिसते. मधल्या खिडकीत जाळीऐवजी कोरा दगड आहे, तोही पाहावा; १५७२-७३ साली मशीद उभी राहात असतानाच अकबराची फौज आली आणि गुजरातची सल्तनत संपली. डोके झाकायला रुमाल जवळ ठेवावा आणि आत जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारावे.

शुक्रवारी सकाळी शाहीबागेतील कॅलिको संग्रहालय पाहावे, पण त्याची तयारी घरूनच करावी लागते. आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही, मोजक्याच लोकांना घेतात आणि छायाचित्रणाला बंदी आहे. अनेकांना हे नियम जाचक वाटतात. माझ्या मते ते योग्य आहेत, कारण शेकडो वर्षांचे सुती कापड प्रकाशाने आणि श्वासातील ओलाव्याने खरोखरच खराब होते. साराभाई कुटुंबाने १९४९ साली सुरू केलेल्या या संग्रहात पाटणचे पटोळे आहेत, मोगल तंबूंचे कापड आहे आणि परदेशी बाजारासाठी रंगवलेली छापील कापडेही आहेत. पटोळ्यापाशी वाटाड्याला थांबवून धागा विणण्याआधीच कसा बांधून रंगवतात, हे विचारावे. ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवून विणताना नक्षी बरोबर जुळवायची, हे ऐकल्यावर पैठणीच्या माहेरचा माणूससुद्धा गप्प होतो.

तिथून दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंग जैन मंदिर जवळ आहे. व्यापारी हठीसिंग केसरीसिंग यांनी ते बांधायला घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी १८४८ साली पूर्ण केले. गिरण्या यायच्या आधी इथल्या शेठ-सावकारांकडे किती भांडवल साठले होते, याची कल्पना त्या संगमरवरावरून येते. हे भांडवल लक्षात घेतले नाही तर पुढचा इतिहास उमगत नाही. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली गिरणी कंपनी काढली. अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची पहिली गिरणी १८६१च्या मे महिन्यात सुरू झाली. रेल्वे तेव्हा इथवर पोहोचली नव्हती. यंत्रसामग्री खंभातच्या बंदरावर उतरवून बैलगाड्यांनी आणावी लागली. मुंबईच्या गिरण्यांमागे पारशी व भाटिया व्यापाऱ्यांबरोबर परदेशाशी चालणारा मोठा व्यापार होता, तर इथे पैसा बहुतांशी गावातल्याच नागर, जैन आणि वैष्णव घराण्यांचा होता. मालक गावचा आणि मजूरही जवळचा, यामुळे इथल्या भांडणांनाही घरगुती वळण लागले.

त्या भांडणाची गोष्ट आश्रमात उभे राहून आठवावी. शाहीबागेतून नदी ओलांडली की साबरमती आश्रम येतो. गांधीजींनी आधी, २५ मे १९१५ रोजी, कोचरब येथे आश्रम काढला आणि त्यात दुदाभाई या दलित कुटुंबाला घेतल्यावर देणगीदारांनी हात आखडता घेतला. तिजोरी रिकामी झाली असताना एक शेठ मोटारीतून आले आणि नाव जाहीर न करता तेरा हजार रुपये देऊन गेले. ते गिरणीमालक अंबालाल साराभाई होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९१८ साली प्लेगचा बोनस बंद झाल्यावर कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले आणि मालकांच्या बाजूला पुढारी म्हणून होते तेच अंबालाल. कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन आणि स्वतः गांधीजी. रोज संध्याकाळी शाहपूर दरवाजाबाहेर नदीकाठच्या बाभळीखाली सभा भरे. कामगारांच्या झेंड्यावर ‘एक टेक’ अशी अक्षरे होती. कामगार खचू लागले तेव्हा गांधीजींनी उपवास धरला, तीन दिवसांत तडजोड झाली आणि लवादाने पुढे पस्तीस टक्के मान्य केले. ती बाभूळ आता नाही. हृदयकुंज या गांधीजींच्या घराच्या ओसरीवर बसून पलीकडच्या काठाकडे पाहिले, तर ही सगळी हकिगत दोनतीन मैलांच्या टापूत घडली, हे ध्यानात येते.

आश्रमात मराठी माणसांच्या खुणाही आहेत. विनोबा जिथे राहिले ती कुटी हृदयकुंजाजवळच आहे. सातारचे काकासाहेब कालेलकर इथे आले आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणावे इतके इथले झाले. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे आश्रमाच्या प्रार्थनेचे संगीत सांभाळत आणि १२ मार्च १९३० रोजी निघालेल्या दांडीयात्रेतही ते होते. संग्रहालयाची बुटक्या कौलारू दालनांची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९६३ सालची. भव्यता टाळून एवढे सांगता येते, हे ती पाहून कळते.

त्याच दिवशी दुपारी आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाच्या इमारतीत जावे. द्वारपालाला नम्रपणे विचारून, आत कार्यक्रम नसेल तर पाहता येते. वास्तुकार ल कॉर्बुझियेने ती १९५४ साली पूर्ण केली. रस्त्यावरून एक लांब उतार थेट पहिल्या मजल्यावर घेऊन जातो. पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या तिरप्या पाट्या ऊन आणि रस्ता दोन्ही अडवतात, तर पूर्वेच्या बाजूच्या पाट्या सरळ आहेत, म्हणजे नदीवरचा वारा आत यावा. दोन्ही बाजूंना उभे राहून हा फरक अंगावर अनुभवावा. खाली वाळूत रंगारी कापड धूत आणि वाळवत, गुरे व बगळे त्यांच्या सोबतीला असत, आणि मालकांना आपल्या बैठकीतून ते दृश्य दिसावे, हाही त्या रचनेमागचा विचार होता. आता तिथे काँक्रीटचा घाट आणि बारमाही पाणी आहे. नदीकाठ स्वच्छ झाला हे खरे, पण त्या गच्चीतून बाहेर पाहताना काहीतरी गहाळ झाल्यासारखे मला दर वेळी वाटते. राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि वास्तुकार लुई कान यांची भारतीय प्रबंध संस्था (आयआयएम) पाहण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते; ती मिळाली नाही तरी फार हळहळू नये.

शनिवार कामगारांच्या शहरासाठी ठेवावा. मेट्रोने काळुपूरवरून पूर्वेला निघून अॅपरल पार्क स्थानकाशी उतरावे आणि रिक्षाने गोमतीपूरच्या राजपूर बीबी मशिदीकडे जावे. मला विचाराल तर अहमदाबादचे खरे दृश्य हेच: पंधराव्या शतकातील मिनार आणि त्याच्या आसपास गिरणीच्या विटांच्या चिमण्या. इथलाही एक मिनार झुलता होता; इंग्रजी अमदानीत त्याचे मर्म शोधण्यासाठी जोडीदार उतरवला आणि तो पुन्हा उभारता आला नाही, असे सांगितले जाते. एके काळी शहरात साठहून अधिक गिरण्या होत्या. यंत्रमागांची स्पर्धा, जुनी झालेली यंत्रे आणि मालकांनी अन्यत्र वळवलेला पैसा यांमुळे १९८० व १९९०च्या दशकांत त्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुमारे लाखभर कामगार घरी बसले. परळ-लालबागच्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगावे लागू नये. फरक इतकाच, की आपल्याकडच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले आणि इथे पुष्कळ ठिकाणी छोटी गोदामे व कारखाने. ही राहती वस्ती आहे. चाळींच्या दारात कॅमेरा रोखू नये, आणि पडीक गिरण्यांच्या आवारात मुळीच शिरू नये.

परतताना असारव्यातील दादा हरीर वाव, म्हणजे जमिनीत मजल्यामजल्यांनी उतरणारी पायऱ्यांची विहीर, पाहावी. महमूद बेगडाच्या जनानखान्यावर देखरेख करणाऱ्या बाई हरीर यांनी ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधली आणि तिच्यात संस्कृत व अरबी असे दोन्ही लेख आहेत. अडालजची वाव अधिक प्रसिद्ध आणि अधिक नटलेली आहे, पण तिथे गर्दी असते. इथे पाचव्या मजल्याच्या गारव्यात आपण आणि पोपटच. संध्याकाळी भद्रजवळ व्हिक्टोरिया गार्डनसमोर ‘सेवा’ या संस्थेचे कार्यालय बाहेरून पाहून घ्यावे. १९१८च्या लढ्यातून १९२० साली मजूर महाजन ही कामगार संघटना उभी राहिली आणि तिच्या महिला शाखेतून इला भट्ट यांनी १९७२ साली ही संघटना घडवली. पुढे गिरण्या बंद पडल्यावर अनेक घरे ज्या बायकांच्या विड्या, शिवणकाम आणि फेरीच्या धंद्यावर तगली, त्यांची ही संघटना.

रविवारी सकाळी आधी सरखेज रोजा गाठावा, म्हणजे ऊन चढण्याआधी तळ्याच्या पायऱ्यांवर बसता येते. सुफी संत शेख अहमद खट्टू आणि सुलतान महमूद बेगडा यांच्या कबरी इथे आहेत. सतराव्या शतकात याच सरखेजची नीळ युरोपातील व्यापारी कंपन्या गोण्या भरभरून नेत. त्या व्यापारापायी आलेल्या डच लोकांची थडगी कांकरिया तलावाशेजारी आहेत. तलावाला जाणारच असाल तर मनोरंजनाच्या गाडीपेक्षा ती पाहावीत.

तिथून एलिस ब्रिजखाली गुजरी बाजारात यावे. जुनी कवाडे, बाजा, पुस्तके, कोंबड्या, सायकलींचे सुटे भाग असे सगळे मातीवर आणि काँक्रीटवर मांडलेले असते. भंगाराच्या ढिगात हात घालून लाकडी बाबिनी शोधाव्यात. टोकाला पितळी कडे असलेली, सुताच्या घर्षणाने मधोमध गुळगुळीत झालेली बाबीन हातात घेतली की ती किती वर्षे फिरली असेल याचा अंदाज बोटांनाच येतो. मला एकदा चार मिळाल्या. विक्रेता आधी ‘अँटिक’ म्हणून भाव सांगतो. आपण ती खाली ठेवून दोन पावले पुढे गेलो, की निम्म्यावर येतो.